आशा ठेवायची की तयारी करायची? एकाच घरात दोन्ही नांदतात का?

मधलीवाट
नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय. निर्णय दोघांनी मिळून घेतला, त्याबद्दल काडीची तक्रार नाही. कामात तो तरबेज आहे आणि हे जमेल असं मलाही मनापासून वाटतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. "समजा नाहीच जमलं तर?" एवढं विचारलं की त्याचा चेहरा पडतो. "तुझाच विश्वास नसेल तर बाकीच्यांचं काय बोलायचं?" आणि विषय बंद. घरात मी 'शुभ बोल नाऱ्या'मधला नाऱ्या झालेय. मग गप्प बसते आणि रात्री एकटीच मनातल्या मनात हिशेब करत पडते. धड तयारी होत नाही आणि आशाही आंबून जाते.

त्याचं म्हणणं असं, की प्लॅन बी खिशात असला की माणूस प्लॅन ए अर्ध्या मनाने करतो. यात तथ्य आहे का? वाईटाचा विचार केला की आशेला तडा जातोच का? तुमच्याकडे हे कसं निभावता? 'सकारात्मक राहा' एवढाच सल्ला असेल तर कृपया नको, तो घरात भरपूर मिळतो.

रातकिडा
वाचतोय. आमच्याकडचा नाऱ्या मी.

साशंक
आधी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याचं म्हणणं हवेतलं नाही. शिन आणि मिल्कमन या दोघी संशोधकांनी २०१६ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना एक काम दिलं, चांगलं केलं तर बक्षीस. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं, की काम फसलं तर तेच बक्षीस दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळवता येईल याचा विचार करून ठेवा. विचार करून ठेवणाऱ्यांची कामगिरी खालावली. कारणही सापडलं: पर्याय दिसला की मूळ गोष्ट हवीच आहे ही ओढ कमी होते.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. हे लागू पडतं ते निव्वळ मेहनतीवर अवलंबून असलेल्या कामांना. ज्यात नशिबाचा, बाजाराचा, शरीराचा वाटा मोठा आहे तिथे जास्त ओढ असून निकाल बदलत नाही. दुसरं म्हणजे पर्याय करूच नका असा त्याचा अर्थ निघत नाही. ज्याला मुख्य काम रेटायचंय त्याने पर्यायाच्या आखणीत आत्ता डोकं घालू नये, ते नंतर करावं किंवा दुसऱ्या कोणावर सोपवावं. तुमच्या घरी तो दुसरा माणूस आयताच आहे, तुम्ही. मग तयारीच्या प्रत्येक बारकाव्याला त्याची हजेरी कशाला हवी? त्याची संमती हवी, ती एकदा घ्या. रोज विचारू नका.

मधलीवाट
@साशंक, 'रोज विचारू नका' हे वर्मावर बसलं. पण मी एकटीनेच सगळं करायचं म्हणजे काळजीचं खातं कायमचं माझ्या नावावर, असं नाही का होणार?

साशंक
होईल, जर ते खातं उघडंच ठेवलं तर. त्यावर नंतर लिहितो, जरा कामात आहे.

अनागत
आयडीला जागून तीन माशांची गोष्ट सांगणं भाग आहे. उद्या कोळी येणार हे ऐकून अनागतविधाता रातोरात तळं सोडून गेला. प्रत्युत्पन्नमती थांबला, जाळ्यात सापडला, मेल्याचं सोंग घेतलं आणि संधी मिळताच पाण्यात सटकला. यद्भविष्य 'जे व्हायचं ते होईल' म्हणत बसला आणि मेला. लहानपणी आपल्याला पहिला मासा शहाणा म्हणून शिकवतात. पण बघा, तो जगला तो तळं सोडून. तुमचे यजमान बहुधा यालाच घाबरतात. त्यांच्या कानाला तयारी म्हणजे 'तळं सोडू या' असंच ऐकू येत असेल. तुम्ही मात्र दुसऱ्या माशाबद्दल बोलताय: तळ्यातच राहायचं, पण जाळं पडलं तर काय करायचं ते ठाऊक असू द्यायचं. हा फरक त्यांना सांगून बघितलात का?

बोरूबहाद्दर
"आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला । यया बद्धाः प्रधावन्ति मुक्तास्तिष्ठन्ति पङ्गुवत् ॥" आशेच्या साखळीने बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे जागच्या जागी उभे राहतात. धाग्यात कोणीतरी हे टाकणारच होतं, म्हटलं आपणच टाकावं.

फटकळ
सुभाषित झालं, मासे झाले. आता कोणी खरं बोलू का? ही 'तयारी' म्हणजे काळजीला नेसवलेलं भरजरी लुगडं आहे. दहा वाईट शक्यता मोजायच्या, अकरावीच अंगावर येते. मग त्या दहांसाठी घालवलेल्या रात्री फुकट. त्यापेक्षा हातातलं काम करावं. संकट आलं की माणूस आपोआप हातपाय हलवतो.

कोवळंऊन
@फटकळ, अकरावीच येते हे खरं. आमच्याकडेही अकरावीच आली होती. तरी तयारी कामाला आली, कशी ते सांगते.

बाबांचं आजारपण मोठं होतं. उपचार सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून दोनच प्रश्न विचारले. "गुण आला तर पहिली गोष्ट कोणती करायचीय? आणि नाही आला तर कोणती गोष्ट होऊ द्यायची नाही?" दोन्ही प्रश्न एकाच सुरात, एकाच बैठकीत. बाबांनी पहिल्याचं उत्तर पटकन दिलं. दुसऱ्याला वेळ घेतला, मग म्हणाले, "माझ्याबद्दलचे निर्णय माझ्या पाठीमागे दाराबाहेर व्हायला नकोत." ते आम्ही फायलीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं. पुढे जे झालं ते कुठल्याच यादीत नव्हतं. पण दर वळणावर त्या ओळीने आम्हा भावंडांची भांडणं वाचवली. तयारी संकटाची नव्हती, आमच्या आपसातल्या वागण्याची होती, म्हणून ती कुठल्याही संकटाला चालली.

आणि वाईटाबद्दल बोललं की रोगी खचतो, या समजाबद्दल. २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासूनच वेदनाशामक आणि आधार देणारी शुश्रूषा मिळाली, ज्यात पुढे काय होऊ शकतं याबद्दलचं मोकळं बोलणंही आलं. त्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं, नैराश्य कमी दिसलं, आणि मध्यगा (मीडियन, म्हणजे रांगेतला मधला आकडा) धरली तर ते ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. बोलण्यानेच आयुष्य वाढलं असं मी म्हणणार नाही, त्या शुश्रूषेत बरंच काही येतं. पण बोलण्याने माणसं ढासळली नाहीत एवढं नक्की.

गणितवेडी
मध्यगा शब्द आलाच आहे तर राहवत नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटातल्या मेसोथेलिओमाचं निदान झालं. वैद्यकीय साहित्यात लिहिलेलं होतं: जगण्याची मध्यगा आठ महिने. बहुतेक लोक हे 'आठ महिन्यांत संपणार' असं वाचतात. त्याने आकडेवाल्याच्या नजरेने वाचलं. मध्यगा आठ महिने म्हणजे अर्धे लोक त्यापुढे जातात, आणि त्या अर्ध्यांची शेपटी उजवीकडे लांबच लांब जाते, कारण डावीकडे शून्याच्या खाली जागाच नाही. आपलं वय, निदानाची वेळ, मिळणारे उपचार बघता आपण शेपटीत असण्याला वाव आहे, असा त्याने हिशेब मांडला. पुढे तो २० वर्षं जगला आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेला.

मला यातलं आवडतं ते हे, की त्याने आकड्याकडे पाठ फिरवली नाही. आशा त्याला आकड्याच्या आत सापडली. आशावादी माणसाने वाईट आकडा वाचायचाच नाही, हा समज कुठून आला कोण जाणे.

रातकिडा
+१. गणितवेडीताई, शाळेत तुम्ही असायला हव्या होत्या.

नेमका
मुद्द्याचं सांगतो. 'नाही जमलं तर?' हा प्रश्न तुम्ही विचारलात की त्याला त्यात शंका ऐकू येते. वाक्य बदला. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये एक पद्धत मांडली, प्रीमॉर्टेम. शवविच्छेदन, पण आधीच. काम सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी बसायचं आणि धरून चालायचं, की वर्ष उलटलंय आणि काम साफ झोपलंय. झोपलंय, हे ठरलं, त्यावर वाद नाही. आता प्रत्येकाने स्वतंत्रपणे कारणं लिहायची.

याची गंमत अशी, की 'जमेल का' यावर विश्वासाची परीक्षा होते, पण 'का झोपलं' हे कोडं असतं, आणि कोडं सोडवायला त्या कामातला जाणकार लागतो. म्हणजे तुमचा नवराच. ज्याला काम सर्वांत जास्त कळतं तो सर्वांत जास्त कारणं लिहितो. एरवी तोंडातून काढायला जी भीती वाटते, ती इथे हुशारी ठरते.

मग प्रत्येक कारणापुढे 'असं दिसलं तर असं करू' एवढी एक ओळ. ओळीत दिसण्याजोगी खूण हवी. 'परिस्थिती बिघडली तर' चालणार नाही. 'सलग दोन महिने नवं काम आलं नाही तर' चालेल. 'खर्च कमी करू' चालणार नाही. कोणता खर्च, कोण बंद करणार, ते हवं. गॉल्विट्झर हे मानसशास्त्रज्ञ आणि इतरांचं यावर बरंच संशोधन आहे: नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा 'जर-तर' आधी ठरवून ठेवणारे ते जास्त वेळा पार पाडतात, कारण ऐन वेळी ठरवावं लागत नाही.

फटकळ
याला मी काळजी म्हणणार नाही, मान्य. पण घरोघरी असं लिहीत कोण बसतं? बहुतेक लोक तुमच्या त्या पहिल्या यादीपाशीच रडत बसतात.

साशंक
आलो. @मधलीवाट, खात्याचा प्रश्न राहिला होता, आणि फटकळ यांचंही उत्तर त्यातच आहे. काळजी आणि तयारी यांत मला एकच फरक कामाचा वाटतो: तयारी संपते. ती करून झाल्यावर काहीतरी बदललेलं असतं. एक फोन झालेला असतो, विम्याचा कागद सापडलेला असतो, वारसदाराचं नाव लागलेलं असतं, घरखर्चाची शिल्लक वेगळ्या खात्यात गेलेली असते. रात्री दोन वाजता जे चाललं होतं त्यातून सकाळी काय बदललं? काहीच नाही, तर ती काळजी होती. म्हणून बैठक ठरवा, तीत लिहा, आणि पुढच्या बैठकीची तारीख टाकून वही मिटा. मधल्या काळात मनात काही आलं तर चिठ्ठीवर टिपायचं आणि वहीत सारायचं, चर्चा नाही.

दुसरं असं, की तुमच्या दोघांची घडण वेगळी असू शकते. ज्युली नोरम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये 'बचावात्मक निराशावाद' असं ज्याला म्हटलं ती सवय काही हुशार, यशस्वी माणसांतही असते. ही माणसं आधी सगळं वाईट मनात रंगवतात आणि त्या धास्तीचंच इंधन करून नीट काम करतात. त्यांना 'तुझं छानच होणार' असा दिलासा दिला की त्यांची कामगिरी उलट घसरते. आणि आशावादी माणसाला त्यांच्यासारखा वाईटाचा विचार करायला बसवलं की त्याचं बिघडतं. तेव्हा त्याला तुमच्यासारखं करू नका आणि स्वतःला त्याच्यासारखं करून घेऊ नका. बैठकीपुरते आणि संमतीपुरते एकत्र या.

जुना_वाटसरू
हे 'दोन घडणी एका छपराखाली' वाचून एलिफंट बेट आठवलं. थोडं अवांतर आहे, पण विषयाला धरून आहे.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकलटनचं जहाज 'एंड्युरन्स' बर्फात चिरडून नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडालं. माणसं होड्यांतून कशीबशी एलिफंट बेटावर पोचली. तिथून २४ एप्रिल १९१६ ला शॅकलटन पाच जणांना घेऊन एका होडीतून मदत आणायला निघाला. मागे उरलेले २२ जण उपड्या घातलेल्या दोन होड्यांखाली राहिले. त्यांचा प्रमुख फ्रँक वाइल्ड. तो रोज सकाळी सांगायचा, आवरून ठेवा रे, साहेब आज येतील. आणि सगळ्यांना झोपायच्या पिशव्या गुंडाळायला लावायचा. रोज. कित्येक महिने.

त्याच छपराखाली ऑर्ड-लीस नावाचा गृहस्थ होता. त्याचं टुमणं असं, की लांबच्या मुक्कामाच्या हिशेबाने मांसाचा साठा करून ठेवा. वाइल्डला ते पटेना. एवढा साठा केला तर माणसं धरून चालतील की कोणी येत नाही, असं त्याला वाटायचं. हा वाद आणि या धाग्यातला वाद एकच.

बहुतेक जण गोष्ट इथेच सोडतात आणि वाइल्डला आशावादी, दुसऱ्याला रडतराऊ ठरवतात. मला दोन तपशील महत्त्वाचे वाटतात. एक, शॅकलटन जाण्याआधी वाइल्डच्या हाती चिठ्ठी देऊन गेला होता: मी वाचलो नाही तर माणसांच्या सुटकेसाठी तू शिकस्त कर. आणि वसंतापर्यंत मदत आली नाही तर होडीने डिसेप्शन बेटाकडे निघायचं, हेही ठरलेलं होतं. म्हणजे 'साहेब आज येतील' म्हणणाऱ्या माणसाच्या हाती 'साहेब न आल्यास' हा कागद होताच. म्हणून तो रोज बिनधास्त आशेने बोलू शकत होता. दोन, ३० ऑगस्टला चिलीची 'येल्चो' ही छोटी आगबोट आली, शॅकलटनचा तो चौथा प्रयत्न होता. बर्फ केव्हा फिरेल याचा नेम नव्हता, आणि तासाभरात सगळे बोटीवर होते. रोज पिशव्या गुंडाळण्याचा फायदा तो. वाइल्डच्या आशेत हाताला काम होतं.

साठ्याच्या बाबतीत मात्र माझं मत ऑर्ड-लीसच्या बाजूने. बोट चौथ्याऐवजी सहाव्या प्रयत्नात आली असती तर?

अनागत
जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

मधलीवाट
सगळ्यांचे आभार. आठवडाभर इथे फिरकले नाही, कारण प्रयोग चालू होता.

साशंक यांच्या सल्ल्याप्रमाणे आधी स्वतःहून बोलणं बंद केलं. मग नेमका यांचं वाक्य जसंच्या तसं वापरलं: "धरून चालू की वर्षाने हे बंद पडलंय. का पडलं असेल, लिही." तो आधी हसला. मग पेन घेतलं आणि थांबेचना. माझी कारणं घराची होती, त्याची कामाची. त्याच्या यादीत सगळ्यात वर होतं: 'पहिल्याच मोठ्या ग्राहकावर सगळी भिस्त.' ते मला सुचलंच नसतं, आणि त्याने ते इतके दिवस स्वतःशीच ठेवलं होतं. म्हणजे रात्री जागी मी एकटी नव्हते! त्यापुढची ओळ त्यानेच लिहिली: एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त काम एकाच ग्राहकाचं झालं, की पुढचं नवं काम दुसऱ्याकडूनच आणायचं.

अडलंय ते एका ठिकाणी. थांबायचं कधी? मी म्हणते तारीख ठरवू. तो म्हणतो तारीख ठरवली की रोज तीच दिसत राहील.

रातकिडा
त्याचं बरोबर वाटतं. व्हिएतनामच्या तुरुंगात १९६५ ते १९७३ काढलेले अमेरिकेचे नौदल अधिकारी जेम्स स्टॉकडेल सांगायचे, की कोण टिकलं नाही, तर आशावादी. नाताळपर्यंत सुटू, मग ईस्टरपर्यंत, मग पुन्हा नाताळ. प्रत्येक तारीख मोडली की माणूस थोडा मोडायचा. शेवटी आपण सुटू हा विश्वास त्यांनी स्वतः सोडला नाही, पण तारखेला लटकवला नाही.

फटकळ
मग झालं की! एकीकडे तारखेवर आशा ठेवू नका, दुसरीकडे थांबायची तारीख ठरवा. एक काय ते ठरवा.

गणितवेडी
दोन वेगळ्या तारखा आहेत हो. यश अमुक दिवशी येईल, ही तारीख आपल्या हातात नाही, तिला आशा बांधली की फरफट. अमुक दिवशी आपण वही उघडून बघू, ही तारीख पूर्ण आपल्या हातात आहे, ती मोडूच शकत नाही. मधलीवाट, 'थांबायची' तारीख ठरवू नका, 'बघायची' ठरवा, आणि बघताना कोणता आकडा किती असला तर चालू ठेवायचं हे आजच लिहा. त्या दिवशीचा मूड बघून नको.

अजून एक. ती तारीख ठरवताना त्याच्या अंदाजावर जाऊ नका, तुमच्याही नको. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं जितकं बिनसू शकतं तितकं बिनसलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे आपण मन घट्ट करून केलेला वाईटातला वाईट अंदाजसुद्धा आशावादीच निघतो. हेच काम याआधी ज्यांनी केलंय अशा तिघाचौघांना त्यांना किती वेळ लागला ते विचारा आणि त्यावरून ठरवा.

फटकळ
ठीक. हे पटलं. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

मधलीवाट
'बघायची तारीख' त्याला वाचून दाखवली, लगेच हो म्हणाला. जुन्या क्षेत्रातल्या एकाला आज फोनही करतोय. आता शेवटचा प्रश्न. मुलगी शाळकरी आहे, कानोसा घेत असते. तिला यातलं काही सांगावं का? तो म्हणतो नको, तिला कशाला ताण.

कोवळंऊन
सांगा. मुलांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ती मनाने रचतात, ते नेहमी जास्त भयंकर असतं. आकडे नको, खुणा नको. काय बदलू शकतं आणि काय बदलणार नाही, एवढंच. 'या वर्षी सुट्टीत लांब जाणार नाही, बाबा कधी कधी उशिरापर्यंत काम करेल. तुझी शाळा तीच, घर तेच.' जे तुम्हाला खात्रीने सांगता येईल तेवढंच 'तेच' म्हणा. घराबद्दल खात्री नसेल तर घराचं नाव घेऊ नका.

मधलीवाट
हे फार कामाचं आहे. घराबद्दल खात्री आहे, शाळेबद्दल आज बसून बघतो. आमच्या वहीचा ढाचा इथे टाकला तर कोणाला उपयोग होईल का?

नेमका
टाका. पैशांचे आकडे आणि ग्राहकाचं नाव तेवढं खोडून.